नव्या घराची किल्ली घेण्याआधी आपला माणूस आत पाठवा

नवीन घर आहे, त्यात काय बघायचंय, असं म्हणणारे खूप लोक भेटतात. हेच लोक जुनं घर घेताना दहा वेळा भिंतीवर हात फिरवतात, नळ सोडून बघतात, शेजाऱ्यांना विचारतात की गळतं का, पाणी किती वेळ येतं, वरच्या मजल्यावरचे लोक कसे आहेत. नवीन म्हटलं की हे सगळं बंद आणि थेट फर्निचरवाल्याला फोन. मला वाटतं हे अगदी उलटं व्हायला हवं. जुन्या घराने निदान काही पावसाळे काढलेले असतात, त्याचं जे बिघडायचं ते बरंचसं बिघडून दिसायला लागलेलं असतं, ओलीचा डाग असेल तर तो समोर दिसतो. नव्या घराची परीक्षा अजून झालेलीच नसते. त्या बाथरूममध्ये कोणी अंघोळ केलेली नाही, गीझर, ओव्हन आणि एसी कोणी एकदम चालवून बघितलेले नाहीत, खिडकीवर एकही जोराचा पाऊस आपटलेला नाही, आणि या सगळ्यावर ताज्या रंगाचा हात मारलेला.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. नवीन घर घेणाऱ्या प्रत्येकाने ताबा घ्यायच्या आधी आणि शेवटचा हप्ता द्यायच्या आधी, स्वतःच्या पैशाने, बिल्डरशी काडीचाही संबंध नसलेला इन्स्पेक्टर आणून घर तपासून घ्यावं. हे श्रीमंतांचे चोचले नाहीत, आणि बिल्डरवर अविश्वास दाखवायचा म्हणूनही करायचं नाही. आयुष्यभराची कमाई आणि पुढच्या वीस वर्षांचं कर्ज जिथे घालतोय तिथे आपल्या बाजूने बघणारी एक तरी जाणकार नजर असावी, एवढंच.

यावर पहिलं उत्तर येतं की तपासणी तर झालेलीच असते ना, एवढी सर्टिफिकेटं असतात. असतात, पण ती कोणी कोणासाठी दिलीयत ते बघा. साइट इंजिनिअर रोज काम बघतो पण त्याचा पगार बिल्डर देतो आणि त्याच्या डोक्यावर डेडलाइन असते. आर्किटेक्टला नेमतो बिल्डरच. सरकारी अधिकारी येतो तो इमारत मंजूर नकाशाप्रमाणे बांधलीय का, मोकळी जागा सोडलीय का, आगीपासून बचावाची सोय आहे का असल्या गोष्टी बघायला, तुमच्या किचनच्या सिंकखालचा जॉइंट ठिबकतोय का हे बघणं त्याचं कामच नाही आणि शेकडो फ्लॅटमध्ये ते शक्यही नाही. बँकेचा माणूस येतो तो कर्ज बुडालं तर हे घर केवढ्याला विकलं जाईल याचा अंदाज घ्यायला. ब्रोकरचं कमिशन व्यवहार पूर्ण झाला तरच मिळतं. यातला कोणी बेइमान आहे असं मी म्हणत नाही, बहुतेक जण आपापलं काम नीट करतात. पण ते काम तुमचं नाही. या सगळ्या सह्यांमध्ये तुमच्या वतीने केलेली एकही सही नसते, आणि बिल्डरने स्वतःच्या कामाला ‘क्वालिटी चेक पास’ म्हणणं म्हणजे मुलाने स्वतःचा पेपर स्वतःच तपासून मार्क देण्यासारखं आहे.

चुका कशा होतात हेही जरा समजून घ्यायला हवं, कारण लोकांना वाटतं की दोष म्हणजे बिल्डरने मुद्दाम फसवलं. तसं क्वचित असतं. घर बांधणारे म्हणजे एक माणूस नाही, एकामागून एक येणाऱ्या टोळ्या असतात. आरसीसीचं, म्हणजे लोखंडी सळ्या घातलेल्या काँक्रीटचं, काम एकाचं, वीटकाम आणि गिलावा दुसऱ्याचा, प्लंबर तिसरा, वॉटरप्रूफिंगवाला चौथा, मग टाइल्स, मग इलेक्ट्रिशियन, मग पेंटर, आणि यातल्या बहुतेकांना पैसे मिळतात फुटावर नाहीतर पॉइंटवर, म्हणजे जितकं भराभर काम तितके जास्त पैसे. आणि प्रत्येक जण आधीच्याचं काम झाकून टाकतो. काँक्रीटमध्ये कुठे खडी मोकळी राहून पोकळी पडली असेल तर गिलाव्याने झाकली जाते, पाइपचा जॉइंट कच्चा राहिला तर भिंतीत जातो, वॉटरप्रूफिंग कोपऱ्यात अर्धवट राहिलं तर त्यावर सुंदर टाइल बसते. शेवटी पेंटर येतो आणि सगळंच छान दिसतं. ताबा घ्यायला जाता तेव्हा तुम्ही बघता ती फक्त या शेवटच्या माणसाची कारागिरी, आणि आनंदात असता, घरचे बरोबर असतात, कोणीतरी फोटो काढत असतं, त्यात ओळंबा लावून भिंत सरळ आहे का बघायचं कोणाच्या मनातही येत नाही.

बाथरूमचंच घ्या, कारण नव्या घरात पुढे जो मनस्ताप होतो त्यातला बराच इथून सुरू होतो. आपण आत जातो, शॉवर सोडतो, फ्लश दाबतो, ठीक आहे म्हणतो आणि बाहेर येतो. चांगला इन्स्पेक्टर काय करतो? आधी बादलीभर पाणी ओततो आणि नुसता उभा राहून बघत बसतो की पाणी नहाणी ट्रॅपकडे, म्हणजे पाणी वाहून जायच्या जाळीकडे, जातंय की कमोडच्या मागच्या कोपऱ्यात साचतंय की उंबऱ्याकडे येतंय. ढाळ चुकला असेल तर ते तिथेच कळतं. मग टाइल्सवर हलक्या हाताने टकटक करत जातो, खाली नीट सिमेंट भरलेलं असेल तर आवाज भरीव येतो, पोकळ असेल तर लगेच वेगळा वाजतो, अशा टाइलवर खडूने खूण करतो. पोकळ टाइल आज तशीच बसलेली दिसते, पण काही जड पडलं की तीच आधी फुटते आणि सांध्यातून पाणी गेलं की त्या पोकळीतच मुरत राहतं. मग ट्रॅप बंद करून जमिनीवर दोन-तीन इंच पाणी भरतो, पातळीला पेन्सिलीने खूण करतो आणि निदान चोवीस तास तसंच ठेवतो. दुसऱ्या दिवशी पातळी बघायची आणि खालच्या फ्लॅटमध्ये जाऊन छत बघायचं, विशेषतः पाइप जिथून खाली उतरतात तिथे आणि कोपऱ्यांत, कारण वॉटरप्रूफिंग फसतं ते बहुतेक याच जागी.

आता हे ताब्याआधी केलं तर काय होतं बघा. खालचा फ्लॅट बहुतेक वेळा रिकामाच असतो. बिल्डरची माणसं साइटवर असतात, त्याच लॉटच्या टाइल्स पडलेल्या असतात, चार टाइल्स काढून वॉटरप्रूफिंग परत करून देणं हे त्यांच्यासाठी रोजचंच काम. हीच गळती दोन वर्षांनी सापडली तर? तोपर्यंत खाली कुटुंब राहायला आलेलं असतं, त्यांनी फॉल्स सीलिंग केलेलं असतं, ते फुगून पोपडे पडायला लागलेले असतात, तुम्ही म्हणता आमच्याकडे तर काहीच गळत नाही, ते म्हणतात मग हे पाणी येतं कुठून, आणि ज्या दोन घरांनी सुखाने शेजारी राहायचं त्यांचं बोलणं बंद. चूक दोघांचीही नसते! मी अशी भांडणं जवळून बघितलीत आणि दर वेळी वाटतं की एक दिवस पाणी भरून ठेवलं असतं तर हे सगळं टळलं असतं.

विजेचं तर त्याहून गंभीर, कारण तिथे प्रश्न पैशाचा नाही, जिवाचा आहे. तीन भोकांचं सॉकेट भिंतीवर आहे म्हणजे अर्थिंग आहे असं आपण धरून चालतो. पण तिसऱ्या भोकाच्या मागे वायर जोडलीय का, आणि जोडली असेल तर ती खरोखर जमिनीपर्यंत पोचतेय का, हे बाहेरून कळत नाही. आरसीसीबीचं, म्हणजे करंट गळला की वीज तोडणाऱ्या स्विचचं, टेस्ट बटण दाबलं आणि तो पडला की लोक निश्चिंत होतात, पण त्या बटणाने एवढंच कळतं की ते यंत्र चालू आहे, तुमच्या गीझरच्या सॉकेटचं अर्थिंग ठीक आहे की नाही याचा त्याच्याशी काही संबंध नाही. इन्स्पेक्टर टेस्टर घेऊन एकेक सॉकेट तपासतो, फेज-न्यूट्रल उलटे लागलेत का बघतो, बोर्ड उघडून बघतो की बारीक वायरवर मोठ्या अ‍ॅम्पिअरचा एमसीबी, म्हणजे जास्त करंट वाहिला की आपोआप पडणारा स्विच, तर टाकला नाही ना. हे फार धोक्याचं असतं कारण वायर तापून वितळायला आली तरी एमसीबी पडत नाही, त्याला वाटतं सगळं मर्यादेत चाललंय. या गोष्टी दुरुस्त करायला फार वेळ लागत नाही, पण कोणी बघितल्याच नाहीत तर दुरुस्त कोण करणार.

बाकी खिडक्यांच्या खालच्या कठड्याचा उतार बाहेर आहे की आत, फ्रेमभोवती सीलंट सलग आहे का, बाल्कनीचं पाणी हॉलमध्ये तर येणार नाही ना, दरवाजे घासतात का, करारात लिहिलेला कारपेट एरिया खरंच मोजून तेवढा भरतो का, ही यादी खूप लांब आहे आणि ती सगळी इथे देत बसत नाही. हल्ली थर्मल कॅमेरा पण वापरतात. भिंत ओली असेल तर पाणी वाळताना तेवढा भाग जरा गार पडतो आणि कॅमेऱ्यात वेगळ्या रंगात दिसतो, डोळ्याला मात्र काही दिसत नाही. पण कॅमेरा फक्त पृष्ठभागाचं तापमान दाखवतो, पाणी नाही, त्यामुळे जाणकार माणूस त्या जागी परत मॉइश्चर मीटर लावून खात्री करतो. नुसते रंगीबेरंगी फोटो काढून घाबरवणारा असेल तर त्याच्यापासून लांब राहा.

हे घाबरवण्याचं आलंच आहे तर सांगतो, चांगल्या इन्स्पेक्टरचं निम्मं काम भीती घालवण्याचं असतं. नव्या घरात गिलाव्यावर केसासारख्या बारीक भेगा जवळपास येतातच, सिमेंट सुकताना आकसतं, त्याचं काही वाटून घ्यायचं नसतं. काँक्रीटचा कॉलम आणि वीट जिथे भेटतात तिथे उभी सरळ भेग दिसली तर बहुतेक वेळा गिलाव्याआधी सांध्यावर जाळी मारलेली नसते, ते वाईट काम आहे पण इमारत पडत नाही. पण खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका निघालेला आणि रुंद होत जाणारा तडा, किंवा बीमलाच पडलेला तडा, हे वेगळं प्रकरण असतं. सामान्य माणसाला हे सगळं सारखंच दिसतं, त्यामुळे एकतर तो प्रत्येक रेघेला घाबरतो नाहीतर सगळ्यावरच पुट्टी मारून मोकळा होतो. दोन्हीत नुकसान त्याचंच.

आणि हे फक्त छोट्या-मोठ्या गैरसोयींबद्दल नाही. सिडनीतला ओपल टॉवर, छत्तीस मजली, २०१८ मध्ये लोक राहायला आले आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला आत मोठा आवाज होऊन काँक्रीटला तडे गेले, लोकांना सणाच्या आदल्या दिवशी घरं सोडून बाहेर पडावं लागलं. चौकशीत डिझाइनमध्ये आणि बांधकामातही दोष सापडले. त्या राज्यात इमारत तपासून सर्टिफिकेट देणारे खाजगी सर्टिफायर असायचे आणि त्यांना निवडणारा आणि पैसे देणारा बऱ्याचदा डेव्हलपरच असायचा, त्यावर आधीपासून टीका होत होती. या प्रकरणानंतर २०२० मध्ये तिथे नवे कायदे आले, दोष असतील तर राहायला जायची परवानगीच अडवून ठेवण्याचा अधिकार सरकारने घेतला. आता प्रामाणिकपणे सांगायचं तर एकट्या फ्लॅटवाल्याचा इन्स्पेक्टर बीमच्या डिझाइनमधली चूक पकडू शकला नसता. पण पैसे देणाऱ्यानेच तपासणारा नेमला की काय होतं, याबद्दल तिथल्या लोकांना जी शंका होती ती आपणही ध्यानात ठेवायला हवी.

न्यूझीलंडमध्ये १९९० च्या दशकात आणि पुढची काही वर्षं बांधलेल्या हजारो घरांत पाणी मुरलं. बाहेरून गुळगुळीत, फॅशनेबल घरं, छप्पर भिंतीच्या पुढे आलेलं नाही, आत प्रक्रिया न केलेलं लाकूड, आणि आत शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाटच नाही. लाकूड आतल्या आत कुजत राहिलं आणि दिसायला लागेपर्यंत अनेक वर्षं गेली, तोवर बांधणाऱ्या कित्येक कंपन्या बंद झालेल्या. लोकांनी दाद मागायची कोणाकडे? मला या गोष्टीतून हेच दिसतं की वॉरंटीचा कागद कितीही चांगला असला तरी तो देणारा उद्या जागेवर असेलच असं नाही, जे आज बघून आज दुरुस्त करून घेतलं तेच खरं हातात आलं.

कायद्याचं संरक्षण नाही असं नाही. भारतात रेरा कायदा २०१६ चा आहे, त्यानुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला किंवा कारागिरीतला दोष दाखवून दिला तर बिल्डरने तीस दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो. फ्रान्समध्ये १९७८ च्या कायद्यानुसार बांधणाऱ्यावर दहा वर्षांची जबाबदारी आहे. पण या सगळ्यात दोष दाखवून द्यायचा कोणी? तुम्ही. कधीपासून होता हे पटवून द्यायचं कोणी? पुन्हा तुम्हीच. ताबा घेतल्यावर सहा महिन्यांनी टाइल फुटली म्हणालात की समोरचा म्हणतो तुम्ही फर्निचर करताना फोडली असेल, ओल आली म्हणालात की तुम्ही ड्रिल मारलं असेल, आणि खरंच सांगता येत नाही. फ्रान्समध्ये तर घर स्वीकारताना जे डोळ्याला दिसत होतं आणि तरी लिहून घेतलं नाही, त्याबद्दल नंतर तक्रार करणं अवघड होऊन बसतं. तारीख, फोटो, मोजमापं असलेला तिऱ्हाईत जाणकाराचा रिपोर्ट ताब्याच्या आधीचा असेल तर हा अर्धा वाद सुरूच होत नाही.

खर्चाचं म्हणाल तर घराच्या किमतीपुढे तपासणीची फी फारच किरकोळ असते, आपण पडद्यांवर आणि दिव्यांवर यापेक्षा जास्त घालवतो. आमचा बिल्डर मोठा आहे असंही लोक सांगतात. नाव मोठं असलं तरी तुमच्या घरात टाइल बसवणारी टोळी त्या नावाची नसते, ती सबकॉन्ट्रॅक्टरची असते आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्याच कंपनीच्या साइटवर असते. मी स्वतःच बघून घेतो म्हणणाऱ्यांना एवढंच सांगेन, जरूर बघा, इन्स्पेक्टर असला तरी तुम्ही बरोबर असायलाच हवं, पण तुम्ही आयुष्यात एखाददुसरं घर घेता आणि त्याने शेकडो घरं उघडून बघितलेली असतात. इन्स्पेक्टर फी वसूल दाखवायला उगाच खुसपटं काढतात या आक्षेपात मात्र थोडं तथ्य आहे. दोनशे मुद्द्यांची यादी देतात त्यातले दीडशे रंगाच्या ओघळांचे असतात आणि बिल्डरही मग तेवढेच पुसून देतो आणि यादी संपली म्हणतो. म्हणून रिपोर्टमध्ये धोक्याचं काय, पुढे नुकसान करणारं काय आणि नुसतं दिसायला वाईट काय हे वेगवेगळं लिहून मागा, आणि पहिल्या दोन्हीतलं काही बाकी असेल तर सही करू नका.

माणूस निवडताना तो स्वतंत्र आहे म्हणजे नक्की काय ते विचारून घ्या. बिल्डरने किंवा ब्रोकरने सुचवलेला नको. दोष काढून तेच दुरुस्त करायचं कंत्राट स्वतः घेणारा नको. सिव्हिल इंजिनिअर आहे का, विजेचं काम तो स्वतः बघतो की बरोबर कोणी आणतो, आधीच्या एखाद्या घराचा रिपोर्ट नावं काढून दाखवतो का, आणि काय बघणार नाही हे आधीच सांगतो का. हे शेवटचं महत्त्वाचं, कारण भिंत न फोडता आतलं सगळं दिसत नाही, आणि मी सगळं बघतो म्हणणारा माणूस खोटं बोलतोय. जमत असेल तर गिलाव्याच्या आधी एकदा त्याला साइटवर न्या, तेव्हा पाइप, वायरिंगचे मार्ग, वीटकाम आणि काँक्रीट उघडं असतं आणि नंतर ते कधीच दिसणार नाही. दुसरी तपासणी ताब्याआधी. आणि वॉरंटीची मुदत संपायच्या महिनाभर आधी तिसरी, तोपर्यंत घराने निदान एक पावसाळा आणि एक उन्हाळा बघितलेला असतो.

आता अडचण अशी आहे की कित्येक बिल्डर इन्स्पेक्टरला आतच घेत नाहीत. सेफ्टीचं कारण सांगतात, इन्शुरन्सचं सांगतात, किंवा आधी पैसे भरा, ताबा घ्या, मग कोणालाही आणा म्हणतात. म्हणजे तुमच्या हातात काहीच उरलं नाही की मग बघा. हे एकेकट्याने भांडून सुटणार नाही, इथे नियमच हवा. ब्रिटनमध्ये नव्या घरातले असे दोष शोधण्याला स्नॅगिंग म्हणतात, तो तिथे चांगला रुळलेला धंदा आहे, आणि तिथल्या न्यू होम्स क्वालिटी कोडमध्ये नोंदणी केलेल्या बिल्डरच्या ग्राहकाला ताब्याआधी आपला व्यावसायिक तपासनीस पाठवायची तरतूदच केलेली आहे. असा हक्क सगळीकडे कायद्यात यायला हवा, त्यात तपासणीला किती दिवस द्यायचे, बिल्डरने किती दिवसांत दुरुस्त करायचं आणि तोपर्यंत शेवटचा हप्ता थांबवता येईल का, हे स्पष्ट लिहिलेलं हवं. ग्राहक संघटनांनी आणि फ्लॅट घेणाऱ्यांच्या ग्रुपनी ही मागणी लावून धरावी.

तोपर्यंत ज्यांचं बुकिंग अजून व्हायचंय त्यांनी करारावर सही करायच्या आधीच एक ओळ घालून मागावी, की ताब्याआधी खरेदीदाराच्या तज्ज्ञाला घराची तपासणी करू दिली जाईल आणि त्याच्या लेखी रिपोर्टमधले दोष दुरुस्त झाल्यावरच शेवटची रक्कम देय होईल. बुकिंगच्या वेळी बिल्डरला तुम्ही हवे असता, तेव्हा ही ओळ मान्य होण्याची शक्यता सगळ्यात जास्त. चार-पाच खरेदीदारांनी मिळून मागितली तर आणखी बरं, इन्स्पेक्टरची फीही वाटून जाते. ज्यांचा करार झालाय त्यांनी ईमेलने तारीख मागावी, तोंडी नाही, आणि नकार आला तर तोही लेखीच मागून घ्यावा.